थरथरत्या तेलावर थेंबांची रांगोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये माझ्या घराच्या मागच्या खोलीत एका जुन्या वूफरवर सपाट तळाची बशी बसवलेली आहे. तिच्यात तेल असते, आणि त्या तेलावर त्याच तेलाचे बारीक थेंब न बुडता, न मिसळता तासन्‌तास उड्या मारत राहतात. हा प्रयोग पाहायला येणारे विद्यार्थी, शिक्षक आणि शेजारीपाजारी बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, तर काहींसाठी जरा बैठक मारावी लागते.

हा प्रयोग थोडक्यात काय आहे?

तेलाने भरलेली बशी वरखाली हलवायची, सेकंदाला ५० किंवा ८० वेळा. या हालचालीचा जोर एका ठरावीक मर्यादेत ठेवला, तर तेलाचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहतो. त्यावर एक मिलिमीटरहून लहान असा त्याच तेलाचा थेंब सोडला, की तो पृष्ठभागावर आपटून उडतो, पुन्हा आपटतो, पुन्हा उडतो. असे अनेक थेंब सोडले की ते एकमेकांजवळ सरकतात, परंतु एकमेकांना चिकटत नाहीत. ठरावीक अंतर राखून उभे राहतात आणि पाहता पाहता ठिपक्यांच्या रांगोळीसारखी मांडणी तयार होते. ठिपके काढायला कोणी बसलेले नसते. या आपोआप घडणाऱ्या मांडणीला स्वयंसंघटन म्हणतात.

तेलाचा थेंब तेलातच मिसळत कसा नाही?

थेंब आणि खालचे तेल यांच्यामध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा सापडतो. थेंब खाली आला की त्याला तेलाला स्पर्श करण्यापूर्वी ही हवा बाजूला सारावी लागते, आणि फट जितकी अरुंद होते तितकी हवा बाहेर पडायला अधिक वेळ लागतो. पापुद्रा एक सहस्रांश मिलिमीटरच्या आसपास पातळ झाला तरी अजून शाबूत असतो. तो त्याच्या एकदशांशापर्यंत पातळ झाला, म्हणजे रेणूंमधील आकर्षणाचा प्रभाव सुरू होतो, पापुद्रा फाटतो आणि थेंब गडप होतो. स्थिर तेलावर हे सर्व सेकंदाच्या काही दशांशांत उरकते. हलत्या तेलावर मात्र पापुद्रा फाटण्याची वेळ येण्याआधीच थेंब वर फेकला जातो आणि खाली नवी हवा शिरते. प्रत्येक उडीबरोबर पापुद्रा नव्याने भरला जातो, एवढेच या चमत्काराचे गुपित आहे.

पावसाळ्यात याची झलक सर्वांनी पाहिलेली असते, फक्त लक्ष दिलेले नसते. सोमेश्वरच्या धबधब्याखाली किंवा अंगणातल्या डबक्यात उडालेले काही शिंतोडे पाण्यावर मण्यांसारखे घरंगळतात आणि मग नाहीसे होतात. चहा गाळताना गाळणीतून पडलेला शेवटचा थेंबही कधी कधी कपभर फिरून येतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या अशा थेंबांविषयी १८८१ साली लिहिले होते.

मग हे सर्व जुनेच म्हणायचे का?

थेंब टिकवता येतो हे जुने आहे. १९७८ साली जर्ल वॉकर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील हौशी प्रयोगकर्त्यांसाठीच्या सदरात कंप पावणाऱ्या द्रवावर थेंब दीर्घकाळ तरंगत ठेवण्याविषयी लिहिले होते. परंतु थेंब टिकल्यानंतर पुढे काय करतात, हा प्रश्न गांभीर्याने हाती घेतला गेला तो २००५ साली, पॅरिसमध्ये. इव्ह कुडेर, इमान्युएल फोर्ट, सुझी प्रोतिएर आणि अरेझ्की बुदाऊद या गटाने त्या एका वर्षात थेंब का मिसळत नाही, तो चालू कसा लागतो आणि अनेक थेंब स्वतःला कसे मांडून घेतात, या तिन्ही गोष्टींवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. कुडेर यांचे २०१९ साली निधन झाले. त्यांच्या प्रयोगाला लागणारे साहित्य आजही कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे, ही मला त्यातील सर्वांत लोभस गोष्ट वाटते.

‘ठराविक मर्यादा’ म्हणजे कोणती?

ही मर्यादा मायकेल फॅरेडे यांच्या नावाने ओळखली जाते. द्रवाचे भांडे वरखाली हलवले आणि जोर वाढवत नेला, तर एका क्षणी सपाट पृष्ठभाग अचानक चौकड्यांच्या किंवा पट्ट्यांच्या लाटांनी भरून जातो. फॅरेडे यांनी १८३१ साली याचा अभ्यास केला आणि या लाटा भांड्याच्या निम्म्या गतीने वरखाली होतात, हे नोंदवले. भांडे सेकंदाला ८० वेळा हलत असेल, तर लाट ४० वेळा हलते.

निम्मेच का, हे नागपंचमीच्या झोक्यावर उभ्याने झोका चढवलेल्यांना सांगावे लागत नाही. झोका एकदा पुढे जाऊन मागे येईपर्यंत आपण दोनदा गुडघे वाकवतो आणि दोनदा ताठ होतो. म्हणजे जोर दोनदा लावायचा आणि झोका एकदा हलायचा. तेलाचा पृष्ठभागही असाच चढतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात तारांच्या कंपनांवर जे प्रयोग केले, त्यांत याच जातीच्या घटना होत्या.

आकड्यांत सांगायचे, तर २० सेंटिस्टोक श्यानतेचे सिलिकॉन तेल ८० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८० वेळा, हलवले असता ही मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या साधारण ४.२ पट त्वरणाला येते आणि लाटेची लांबी सुमारे पावणेपाच मिलिमीटर भरते. श्यानता म्हणजे द्रवाचा घट्टपणा, तो सेंटिस्टोकमध्ये मोजतात. ५० सेंटिस्टोकचे तेल ५० हर्ट्झला हलवले, तर लाटेची लांबी सुमारे सात मिलिमीटर होते. चौपट गुरुत्व ऐकायला भीतीदायक वाटते; प्रत्यक्षात ५० हर्ट्झला त्यासाठी बशी मधल्या स्थितीपासून वर आणि खाली जेमतेम ०.४ मिलिमीटर हलावी लागते. डोळ्याला ती हललेली दिसतही नाही, फक्त काठ किंचित धूसर भासतो.

आपला सर्व खेळ या मर्यादेच्या अलीकडे चालतो. पलीकडे गेलो की तेल स्वतःच उसळते आणि थेंबांचे काही चालत नाही.

थेंबांना अंतर राखायला कोण शिकवते?

हाच मूळ प्रश्न आहे.

थेंब आपटला की त्याच्याभोवती वर्तुळाकार तरंग उठतो. तळ्यात खडा टाकल्यावर उठतो तसाच, परंतु येथे खडा सेकंदाला कित्येकदा त्याच जागी पडत असल्याने थेंबाभोवती उंचसखल वलयांची एक कायमची घडी तयार होते. आता शेजारी दुसरा थेंब आहे असे समजा. तो सपाट तेलावर उतरत नाही. पहिल्याने उठवलेल्या वलयांवर उतरतो. ज्या ठिकाणी तो टेकतो तेथे पृष्ठभाग तिरका असेल, तर उडताना त्याला उताराच्या दिशेने किंचित आडवा धक्का बसतो. पुढच्या उडीला तो थोडा सरकून पडतो, पुन्हा धक्का बसतो, आणि असे करत करत तो अशा जागी पोहोचतो, जेथे टेकण्याच्या नेमक्या क्षणी पृष्ठभाग आडवा असतो. तेथून तो इकडे सरकला तर तिकडचा आणि तिकडे सरकला तर इकडचा धक्का बसतो, म्हणून तो तेथेच स्थिरावतो. हीच गोष्ट दुसऱ्याच्या तरंगांमुळे पहिल्याच्या बाबतीतही घडत असते. दोघांनी मिळून अंतर ठरवलेले असते.

वलये एकाहून अधिक असल्याने अशा जागाही एकाहून अधिक असतात. पहिल्या वलयातली जागा आहे, दुसऱ्यातली आहे, तिसऱ्यातलीही आहे. मधली अंतरे मात्र चालत नाहीत. आगपेटीतल्या काड्या कशाही पडतात, पण जिन्यावर ठेवलेला चेंडू कोणत्या तरी पायरीवरच थांबतो, तसा हा प्रकार आहे. लाटेची लांबी बदलली, म्हणजे वारंवारता (बशी सेकंदाला किती वेळा हलते तो आकडा) बदलली, की पायऱ्यांची रुंदी बदलते आणि संपूर्ण मांडणी आक्रसते किंवा पसरते. हे प्रत्यक्ष करून पाहण्यासारखे आहे: वारंवारता हळूहळू वाढवत नेली, की सगळी रांगोळी एकदम आकसून घेते.

तिसरा थेंब आला की तो दोघांपासून सारख्या अंतरावर बसतो आणि समभुज त्रिकोण होतो. सातवा आला की मध्ये एक आणि भोवती सहा. त्यापुढचे पूर्ण वर्तुळ १९ थेंबांना, त्यापुढचे ३७ ला पूर्ण होते. मधल्या संख्यांना काठ अर्धवट राहतो, आणि नवा थेंब काठाने सरकत सरकत आपली खोबण शोधतो, तेव्हा बघणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी ‘अगं, इकडे, इकडे’ असे त्याला सांगू लागतेच.

मांडणी नेहमी षटकोनीच होते का?

नाही. सारख्या आकाराचे थेंब एकाच तालावर उडत असतील, तर त्रिकोणांनी बनलेली जाळी हा सर्वांत सोपा मार्ग असतो. परंतु जोर वाढवला की थेंब बशीच्या दर दोन हेलकाव्यांना एकच उडी मारू लागतो, आणि तेथे एक नवी शक्यता उघडते. दोन थेंब एकाच वेळी टेकू शकतात किंवा एक वर असताना दुसरा खाली असू शकतो. ढोलपथकात निम्मे वादक समेवर आणि निम्मे आडतालावर वाजवत असावेत, तसे. एकाच वेळी टेकणाऱ्या थेंबांसाठी चालणारी अंतरे वेगळी आणि आळीपाळीने टेकणाऱ्यांसाठीची वेगळी असतात. दोहोंत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो.

अंतरांचे असे दोन संच हाताशी आले, की चौकोनी जाळीही जमते आणि त्याहून गुंतागुंतीच्याही जमतात. नियमित बहुभुजांच्या फरश्यांनी प्रत्येक कोपरा सारखा ठेवून जमीन भरण्याच्या ११ रीती गणितात आहेत, त्यांना आर्किमिडीय फरसबंदी म्हणतात. पॅरिसच्या गटाने २००९ साली अशा फरसबंदीच्या अनेक रचना थेंबांकडून करवून घेतल्या. मला स्वतःला चौकोनी जाळीपलीकडे फारसे जाता आलेले नाही. थेंबांचे आकार काटेकोर सारखे राखणे हे घरच्या खोलीतले काम नव्हे.

आकार वेगवेगळे असले तर काय बिघडते?

बिघडत नाही, उलट रंगत येते. मोठा थेंब जास्त दबतो, उशिरा उडतो आणि अधिक उंच तरंग उठवतो. त्यामुळे लहानमोठ्या थेंबांच्या जोडीत दोघांना बसणारे धक्के सारखे राहत नाहीत, आणि ती जोडी स्वतःहून एका दिशेला सरकू लागते. तीनचार असमान थेंबांचा पुंजका बहुधा स्वतःभोवती फिरू लागतो. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली अशा फिरणाऱ्या पुंजक्यांचे आणि सपाट जाळ्यांचे तपशीलवार वर्णन केले. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना षटकोनापेक्षा हे भिंगरीसारखे पुंजकेच अधिक आवडतात, आणि त्यांच्या आवडीशी माझे भांडण नाही.

दोन थेंबांनी एकमेकांना ढकलावे आणि जोडीने पुढे जावे, हे ऐकल्यावर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे काय, असे एका अकरावीच्या विद्यार्थिनीने विचारले होते. प्रश्न अगदी रास्त आहे. दोन्ही थेंब एकमेकांना हात लावत नाहीत; ते तेलाला ढकलतात आणि तेल त्यांना ढकलते. हिशेबात तेल धरले, की नियम जागच्या जागी राहतो.

एकटा थेंब चालू लागतो म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे, आणि ते पाहिल्याशिवाय पटत नाही. जोर फॅरेडे मर्यादेच्या सुमारे पाऊणपटीपुढे नेला, की योग्य आकाराचा थेंब स्वतःच उठवलेल्या तरंगाच्या उतारावर पडू लागतो. तो किंचित जरी बाजूला ढळला, तर त्याचा मागचा तरंग त्याला आणखी पुढे लोटतो, आणि थेंब सरळ रेषेत सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर या गतीने चालत राहतो. काठाजवळ आला की वळतो. दोन चालणारे थेंब समोरासमोर आले तर कधी एकमेकांना हुलकावणी देऊन निघून जातात, तर कधी एकमेकांभोवती फेर धरतात, आणि फेराचा व्यासही पायऱ्यापायऱ्यांनीच मिळतो.

येथे ‘स्मृती’ हा शब्द वापरला जातो. मर्यादेच्या जितके जवळ जावे, तितके प्रत्येक उडीचे तरंग अधिक काळ जिवंत राहतात. २० सेंटिस्टोकच्या तेलात ८० हर्ट्झला मर्यादेच्या ९० टक्क्यांवर थेंबाला आपल्या मागच्या साधारण सात उड्यांचा प्रभाव जाणवतो. ९९ टक्क्यांवर हाच आकडा ७० च्या घरात जातो. आपण कोठून आलो हे थेंबाला ठाऊक नसते, पण तेलावर ते उमटलेले असते.

जोर वाढवत नेला तर रांगोळीचे काय होते?

ती आधी थरथरते. एकेक थेंब आपल्या जागेभोवती डोलू लागतो आणि ते डोलणे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे लाटेसारखे पसरते. घन स्फटिकातले अणू असेच डोलतात, म्हणून स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्यांना ही जाळी फार जवळची वाटते. आणखी जोर दिला की जाळी मोडते, थेंब सुटे होऊन चालू लागतात.

स्फटिक आणि ही जाळी यांत मग फरक काय उरला?

मोठा फरक आहे. मिठाचा खडा बरणीत पडून राहतो. त्याला टिकून राहण्यासाठी कोणी सतत ऊर्जा पुरवावी लागत नाही. थेंबांची जाळी मात्र दर क्षणाला बाहेरून ऊर्जा घेते आणि तेलाच्या श्यानतेत घालवते. घेणे आणि घालवणे यांचा तोल आहे तोवर ती आहे. गेल्या वर्षी ३७ थेंबांची जाळी पूर्ण करून मी चहा घ्यायला उठलो आणि वीज गेली. बशी थांबताच एका सेकंदाच्या आत ३७ च्या ३७ थेंब तेलात विरून गेले आणि पृष्ठभाग असा कोरा झाला, की तेथे काही होते असे कोणाला सांगूनही पटले नसते.

याचा क्वांटम सिद्धांताशी संबंध आहे का?

इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांचे वागणे सांगणारा तो क्वांटम सिद्धांत. याच प्रश्नासाठी बरेच लोक येतात, म्हणून जपून उत्तर देतो. कण आणि त्याला वाट दाखवणारी लाट ही कल्पना लुई द ब्रॉय यांनी १९२७ च्या सॉल्व्हे परिषदेत मांडली होती आणि डेव्हिड बोम यांनी १९५२ साली ती वेगळ्या रूपात पुन्हा उभी केली. चालणारा थेंब आणि त्याचे तरंग यांच्यात त्या कल्पनेशी वरवर विलक्षण साम्य दिसते. फेराचे व्यास पायऱ्यांनी मिळणे, गोल भिंतीत कोंडलेल्या थेंबाच्या दीर्घकाळच्या नोंदींतून लाटेसारखी आकृती उमटणे, अशी काही साम्ये प्रयोगांत पक्की झाली आहेत.

दोन फटींचा सुप्रसिद्ध प्रयोग मात्र वादाचा ठरला. कुडेर आणि फोर्ट यांनी २००६ साली थेंब दोन फटींतून पाठवून व्यतिकरणासारखी, म्हणजे दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटते तशी पट्ट्यापट्ट्यांची आकृती मिळाल्याचे लिहिले होते. क्वांटम कण अशा दोन फटींतून गेल्यावर तशीच आकृती देतात. पुढे डेन्मार्कमधील संशोधकांना २०१५ साली तशी आकृती आढळली नाही, आणि अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जॉन बुश यांच्या गटानेही २०१८ साली हवेचे झोत अडवून, अधिक काळजीपूर्वक प्रयोग केले, तेव्हा मिळालेले वाटप क्वांटम कणांच्या वाटपाशी जुळले नाही. डेन्मार्कच्या गटात क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक असलेल्या नील्स बोर यांचे नातू टोमास बोर होते, हा योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही.

माझे मत विचाराल, तर थेंब म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे. तेल, हवा आणि गुरुत्व यांच्या नेहमीच्या नियमांनी चालणारी ही वस्तू आहे, आणि त्या नियमांतून एवढी सुव्यवस्था निघते, हेच पुरेसे आश्चर्य आहे. ‘क्वांटम’ हा शब्द चिकटवल्यावर लोक थेंबाकडे पाहणे सोडून देतात, अशी माझी तक्रार आहे.

या विषयात अलीकडे काही नवे घडले आहे का?

दोन गोष्टी सांगतो. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात बशी एकाच वेळी ८० आणि ४० हर्ट्झ अशा दोन वारंवारतांनी हलवली, तेव्हा नेहमीपेक्षा बरेच मोठे आणि वेगवान थेंब चालताना दिसले. २०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात तेलाखाली गोल खळग्यांची रांग कोरलेली होती, प्रत्येक खळग्यावर एक थेंब गोल गोल फिरे, आणि शेजारचे थेंब आपसात फिरण्याची दिशा जुळवून घेत. कधी सगळे एकाच दिशेने फिरत, कधी एकाआड एक उलट. चुंबकातल्या अणूंची मांडणी ज्यांना शिकवावी लागते, त्यांनी हे अवश्य पाहावे.

घरी करायचे तर काय लागेल?

सहा ते आठ इंचांचा वूफर, छोटा अ‍ॅम्प्लिफायर, ठरावीक वारंवारतेचा शुद्ध स्वर देणारे मोबाइल अ‍ॅप, सपाट तळाची ताठ बशी आणि सिलिकॉन तेल. ५० सेंटिस्टोकच्या तेलाने आणि ५० हर्ट्झने सुरुवात करावी. तेल सहा-सात मिलिमीटर खोल असू द्यावे.

बशीविषयी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. भांडी बाजारातून आणलेले पितळी ताम्हण मला फार शोभिवंत वाटले होते आणि मी तेच वूफरवर चिकटवले. ताम्हणाचा तळ पातळ, वर काठ पसरट. ते आपल्या सुरात घणघणू लागले, मध्यभागी एक जोर आणि काठाला दुसरा, आणि थेंब सगळे एका बाजूला जमून विरून जात. ताम्हण पूजेत परत गेले. जाड अ‍ॅक्रिलिकची किंवा काचेची छोटी बशी बरी, आणि तिच्याखाली काळा कागद लावला म्हणजे तरंग स्पष्ट दिसतात.

त्यानंतरची सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे गवंड्याची पाणसळ. बशी जराशी जरी तिरकी असली, तरी थेंब उताराकडे वाहत जातात आणि आपल्याला वाटते की त्यांचे एकमेकांशी काही तरी नाते आहे. पंखा बंद ठेवावा. बशीवर पारदर्शक झाकण असले तर उत्तम. तेल विकत घेताना श्यानता बाटलीवर छापलेली आहे ना, हे पाहावे. मला एका दुकानातून ‘सिलिकॉन तेलच आहे’ असे सांगून दिलेले तेल मधासारखे दाट निघाले आणि पंधरा दिवस मी वूफरलाच दोष देत बसलो.

जोर मोजायला उपकरण नसले तरी चालते. आवाज हळूहळू वाढवत जावा. संपूर्ण पृष्ठभागावर लाटांची जाळी उमटली की तो आकडा लिहून ठेवावा. तीच तुमची फॅरेडे मर्यादा. तेथून खाली येत निम्म्यावर थेंबांची रांगोळी करावी आणि ८०-९० टक्क्यांवर चालणारे थेंब शोधावेत.

थेंब सोडायचा कसा?

ड्रॉपरने सोडलेला थेंब नको तितका मोठा होतो. दात कोरण्याची काडी तेलात टेकवावी आणि झटक्यात वर उपसावी. काडीबरोबर वर ओढली गेलेली तेलाची धार तुटते आणि तिचा एक कण मागे राहतो. दहापैकी चार वेळा जमते. हात बसला की सात वेळा.

पाणी किंवा गोडेतेल वापरले तर?

पाणी टाळावे. त्याची श्यानता कमी असल्याने लाटा लगेच माजतात, आणि हवेतली धूळ किंवा हाताचा तेलकटपणा लागला की पृष्ठताण बदलून प्रयोग फसतो. घरातले सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे तेल ५० सेंटिस्टोकच्या आसपासचे असल्याने त्यावर थेंब उड्या मारतात. चालण्यापर्यंत मजल जाणे अवघड, आणि काही दिवसांत त्याला खवट वास येतो. एरंडेल फारच दाट पडते.

सकाळी जमलेला प्रयोग दुपारी का जमत नाही?

कारण नाशिकचे हवामान. खोलीचे तापमान एक अंशाने वाढले, की सिलिकॉन तेलाची श्यानता साधारण दीड टक्क्याने उतरते. थंडीतल्या पहाटे खोलीत १४ अंश असतात आणि एप्रिलच्या दुपारी ३६. एवढ्या फरकाने तेच तेल जवळजवळ वेगळे तेल होते आणि फॅरेडे मर्यादा खाली सरकते. म्हणून दर बैठकीला मर्यादा नव्याने शोधावी आणि वहीत तापमान लिहावे. तरीही कारण सापडत नसेल, तर बाहेर कोणाची मिरवणूक चालली आहे का ते पाहावे. गणेश विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावरून ढोलपथक जाऊ लागले, की माझी जाळी सर्वांत आधी काठाने विस्कटते.

मग ढोलावरच बशी ठेवली तर?

हा प्रश्न नाशिकमध्ये विचारला जाणारच. नाशिक ढोलाचा ठोका जोरदार असला, तरी तो उठतो आणि विरतो, आणि दोन ठोके कधीही तंतोतंत सारखे नसतात. थेंबाला लागतात एकसारखे, न थकता येणारे सेकंदाला ५० धक्के. ढोलाच्या पानावर कोरडा रवा पसरून तो कसा नाचतो हे अवश्य पाहा. तेल मात्र पानावर सांडू नका, ढोलवाले माफ करणार नाहीत.

मोबाइलवर चित्रण करता येईल का?

येते. सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो मोशनमध्ये ४० वेळा उडणाऱ्या थेंबाच्या एका उडीला सहा चौकटी मिळतात, तेवढ्यात वर-खाली स्पष्ट ओळखता येते. कॅमेरा जवळजवळ आडवा, पृष्ठभागाच्या पातळीवर ठेवावा आणि मागे दिवा नव्हे, तर दिव्याने उजळलेला पांढरा कागद ठेवावा.

वापरलेल्या तेलाचे काय करावे?

फेकू नये. सिलिकॉन तेल खराब होत नाही. त्यावर फक्त धूळ साचते, आणि धुळीचा एक कण थेंबाखाली आला की पापुद्रा फाटतो. तलम कापडातून गाळून, बंद बाटलीत ठेवून तेच तेल वर्षानुवर्षे वापरता येते. मोरीत ओतू नये, कारण ते सहजी कुजत नाही आणि आपल्या मोऱ्यांचे पाणी शेवटी गोदावरीकडेच जाते. बशी पुसायला साबण वापरलाच, तर नंतर ती इतकी धुवावी की बोटाला जराही बुळबुळीत लागू नये. साबणाचा अंश राहिलेल्या बशीत माझे पहिले चार दिवस वाया गेले होते.